चंद्रीचा पान्हा आणि माझी सुगंधी तेलं

माणसाचे निम्मे त्रास नाकावाटे बरे होतात, असं माझं ठाम मत होतं आणि झाल्या प्रकारानंतरही ते तसंच आहे. (बायकोचं मत वेगळं आहे. तिला माझ्या मतांचाच त्रास होतो, आणि तो कुठल्याही तेलाने जात नाही.)

मी नगरला सावेडीत राहतो आणि एका ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसतो. बसून बसून मान धरली म्हणून मोबाईलवर सुगंधी तेलांचा एक कोर्स केला. मान तशीच राहिली, पण प्रमाणपत्र मिळालं! सोबत इवल्याशा बाटल्यांची पेटी. झोपेसाठी लव्हेंडर, डोक्यासाठी पेपरमिंट, सर्दीला निलगिरी, माश्या-डासांना गवती चहा. घरात दिवसरात्र एक यंत्र फुसफुस वाफ सोडू लागलं. शेजारच्या काकू तर खास विचारायला आल्या, "तुमच्याकडे फरशी कशाने पुसता हो?"

एकदा वैशालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, डोकं दुखत होतं. मी तिच्या कपाळाला पेपरमिंट चोळलं. थोडं डोळ्यांकडे ओघळलं, पण डोकेदुखी त्या क्षणी गायब! (डोळे इतके चुरचुरत होते की डोक्याकडे बघायला तिला सवडच उरली नाही. पण गेली की नाही?)

अशा भरात असताना अधिक महिना आला, आणि सासरहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. आमची सासुरवाडी शेवगावच्या अलीकडे, गावाबाहेर वस्तीवर. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला ओवाळायचं, नवे कपडे करायचे, पुरणाचे धोंडे नि तूप खाऊ घालायचं आणि मुख्य म्हणजे कशालाही नाही म्हणायचं नाही. हा शेवटचा नियमच पुढे सगळ्यांच्या अंगाशी आला. त्यातून आमच्या सासूबाई माझ्याशी थेट बोलतच नाहीत. मी पुढ्यात बसलेलो असलो तरी निरोप वैशालीमार्फत येतो. "वैशे, पाव्हन्यांना म्हनावं, आनखी भात घ्या."

सकाळी पोचलो, ओवाळणं झालं, मी नवा पांढरा सदरा घातला, आणि गोठ्यातून मेव्हणा दत्ता ओरडत आला, "आई, चंद्री व्याली! पारडी झाली!"

चंद्री ही सासूबाईंची म्हैस. तिच्यावर त्यांचा लेकीइतका जीव. (वैशालीच्या मते लेकीपेक्षा जास्त.) त्यांनी तिचं बाळंतपण स्वतःच्या हातांनी करायचं ठरवलं होतं. म्हशीला बाजरीची शिजवलेली घाटी हवी, गूळ हवा, गरम पाणी हवं. सासूबाई चुलीकडे पळाल्या, दत्ता गूळ आणायला, सासरे पाण्याला. गोठ्यात उरलो मी, चंद्री आणि नुकतीच जमिनीवर आलेली ओलीचिंब पारडी. आणि तिच्यावर घोंगावणाऱ्या माश्या!

आता मला सांगा, ज्याच्या खिशात गवती चहाचं तेल आहे असा सुशिक्षित माणूस काय करेल?

मी पारडीला उचललं, नव्या सदऱ्याशी घट्ट धरलं आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला पोत्यावर नेऊन ठेवलं. गवताने स्वच्छ पुसलं. मग खोबरेलात गवती चहाचं तेल मिसळून तिला नाकापासून शेपटीपर्यंत चोपडलं. माश्या क्षणात पसार! पारडी चकचकीत दिसत होती आणि तिला महागड्या हॉटेलातल्या हात धुवायच्या जागेसारखा वास येत होता. मी अभिमानाने तिला चंद्रीपुढे नेलं.

चंद्रीने हुंगलं. डोळे मोठे केले. फुर्रर्र करून मागे सरली आणि पारडी आचळाकडे वळताच अशी लाथ झाडली की मी पारडीसकट गव्हाणीत बसलो.

तेवढ्यात सासूबाई घाटी घेऊन आल्या, मागोमाग वैशाली, सासरे आणि दत्ता. त्यांनी पारडी पाहिली, मला पाहिलं, दोनदा वास घेतला. हातातलं पातेलं दणकन खाली ठेवलं. पण अधिक महिना! त्या वैशालीकडे वळल्या. "वैशे, इचार त्यांना, चंद्रीनं पारडी चाटली हुती का?"

"चाटायच्या आत मी उचलली," मी म्हणालो. "स्वच्छतेच्या दृष्टीने."

वैशालीने कपाळाला हात लावला. म्हैस व्याली की आधी पारडू चाटते, त्या वासाने ते आपलं म्हणून ओळखते, मगच पान्हा घालते, हे मला तेव्हा कळलं. (कोर्समध्ये म्हशीचं प्रकरण नव्हतं.) चंद्रीच्या लेखी ही चकचकीत बया कुणा भलत्याचीच होती!

"आता वं काय करायचं?" सासरे हळूच म्हणाले. "चीक पोटात गेला न्हाई तर पारडी काय जगत न्हाई. आन् पारडी तोंडाशी आल्याबिगर चंद्री थेंब सोडायची न्हाई."

पारडी आपल्या लुळ्या पायांवर उभी राहून माझंच बोट चोखत होती. पण धीर सोडला तर तो मी कसला! जो त्रास नाकातून आला तो नाकातूनच जाणार.

आधी पारडीला शिकेकाईच्या पाण्याने धुतलं. आता तिला गवती चहा आणि शिकेकाई असे दोन्ही वास येऊ लागले. चंद्रीने आणखी जोरात लाथ मारली. सासूबाईंनी पारडीच्या अंगाला गुळाचं पाणी लावलं. चंद्रीने जीभ काढली, मध्येच गवती चहा लागला, जीभ आत घेतली आणि तोंड फिरवलं. दत्ताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते दूरच्या गावी, संध्याकाळशिवाय येणं नाही.

"चंद्री घाबरली आहे," मी निदान केलं. "तिला शांत करायला हवं."

"अहो, पुरे आता!" वैशाली किंचाळली.

"आगं, करू दे," सासरे म्हणाले. "पाव्हनं शिकल्यालं हायेत."

त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! मी पोत्यावर लव्हेंडर शिंपडलं आणि चंद्रीच्या डोक्यावर टांगलं. सगळे वाट पाहत बसलो. लव्हेंडरचा गुण आला, नाही असं नाही. पोत्याखाली बसलेले सासरे बघता बघता घोरायला लागले! चंद्री मात्र तशीच. उलट तिने मान वर करून लव्हेंडरचं पोतं खाल्लं.

ऊन चढलं. पारडी आता उभी राहीना. सासूबाई पदराने डोळे पुसत तिला पाठीवरून चोळत होत्या, आणि वैशालीमार्फतही त्या मला एक शब्द बोलत नव्हत्या, हेच मला सोसेना. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, निदान माफी तरी मागू. माणसांची मागायची हिंमत नव्हती म्हणून चंद्रीच्या पुढ्यात गेलो, हात जोडले आणि मान खाली घातली.

चंद्रीने माझा सदरा हुंगला.

एकदा हुंगला, दोनदा हुंगला. मग घशातून असा काही हळवा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. आणि तिने गळ्यापासून टकलापर्यंत मला सर्रकन चाटलं! (म्हशीची जीभ कशी असते ते ज्यांना माहीत नाही त्यांनी पॉलिशपेपर कपाळावरून ओढून पाहावा.) मी ओरडून मागे सरणार, तोच आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई माझ्याशी थेट बोलल्या.

"पाव्हनं, हालू नगा!"

सगळा उलगडा त्यांना माझ्या आधी झाला. पारडीचा जन्माचा ओलावा पारडीवर राहिलाच नव्हता. तो होता माझ्या नव्या सदऱ्यावर! पारडी मी धुतली होती, पुसली होती, तेलात बुडवली होती. स्वतःला मात्र विसरलो होतो.

"दाजी, सदरा काढा, पारडीवर टाकू," दत्ता म्हणाला. टाकला. चंद्रीने सदऱ्याखालचा गवती चहा हुंगला, शिंगाने सदरा भिरकावला आणि पुन्हा माझ्या उघड्या छातीकडे वळली. ओलावा आतपर्यंत मुरला होता. आता तिची खात्रीच पटली होती.

"वाका! आजून खाली वाका!" सासूबाईंना थेट बोलायची आता गोडी लागली होती. "रांगा! हां, असंच!"

मी चार पायांवर रांगलो. चंद्री मला चाटू लागली, डोळे मिटून, मनापासून. "घातला! पान्हा घातला!" दत्ता मागून ओरडला. सासूबाईंनी मागच्या बाजूने पारडी आचळाला लावली आणि ती चुटुचुटू चीक पिऊ लागली. तिचं शेपूट हलायला लागलं तेव्हा सासूबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. थोडे त्या जिभेमुळे, पण बरेचसे आनंदाने.

धोंड्याचं जेवण मी गोठ्याच्या दारात जेवलो. हात सोडून बाकी काही धुवायची मनाई होती. "आंघूळ करायची न्हाई," सासूबाईंनी बजावलं. "साबन न्हाई, पावडर न्हाई, आन् ती बाटल्यांची पेटी माज्याकडं द्या." संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी पारडी तपासली, ठणठणीत आहे म्हणाले. मग माझ्याकडे पाहून गंभीरपणे सांगितलं, की पारडीच्या अंगाचा वास जाऊन म्हैस तिला ओळखेपर्यंत दर धारेला यांना असंच पुढे रांगवा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी साहेबांना फोन लावला.

"सर, चार दिवस रजा हवी होती."

"कशासाठी?"

"घरात बाळंतपण आहे."

"अरे वा! अभिनंदन! मिसेसचं?"

"नाही सर. सासूबाईंच्या म्हशीचं."

"मग तुमचं काय काम तिथे? तुम्ही काय डॉक्टर आहात?"

साहेबांशी खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

"नाही सर," मी म्हणालो, "मी बाळ आहे."