डाव्या हाताचं रुखवत

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांचा हात असा, की स्वतःच्या लग्नातल्या रुखवतात त्यांनी सुपारीच्या नवरा-नवरीला भुवयासुद्धा काढल्या होत्या. पुढे मुलगी शाळेत जायला लागली आणि तिचे प्रकल्प आईकडे आले. थर्माकोलचा पहिलाच किल्ला शिक्षिकेनं परत पाठवला. इतकं सुबक काम तिसरीतल्या पोरीचं नसतं, म्हणाली.

तेव्हापासून बाई उजवा हात मांडीखाली दाबून सगळं डाव्यानं करायच्या. ज्वालामुखी वाकडा, हृदय तिरपं, डिंकाचे ओघळ मुद्दाम सोडलेले. मुलीला दरवर्षी शाबासकी मिळायची.

यंदा त्या मुलीचं अकोटला लग्न ठरलं. ती आता बँकेत मॅनेजर आहे. लग्नाआधी सहज डोकावले, तर बाई उजव्या हातावर बसून रुखवताचं देऊळ चिकटवत होत्या. कळस पार एका बाजूला झुकलेला.

"ताई, आता काहून डाव्यानं?" मी विचारलं.

"पोरीनं केलं असं वाटलं पाहिजे न. सासरचे लोक पाहतीन."

लग्नात विहीणबाई त्या देवळापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून हळूच म्हणाल्या, "डाव्या हातानं केलं न हे?"

आमच्या बाईंचा चेहरा पडला.

"भेऊ नका. मी बी पोराचं शाळेचं सारं डाव्यानंच करत होती," विहीणबाई म्हणाल्या आणि कळसावरून बोट फिरवलं. "पण इतकं वाकडं मले कधीच नाही जमलं."