जांभळ्या लेबलाची तबकडी

मी ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवायचो, पण ऐकत नसे. ऐकल्याने त्या झिजतात! महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होतो. गाणं तेच, गायक तोच, पण लेबल काळं की लाल, यावर मी तासभर बोलू शके. (मी तोंड उघडलं की लोकांना घरची कामं आठवत.)

धामणगाव बढ्याला, माझ्या सासुरवाडीत, एका भजनाची तबकडी होती. तीच माझ्याकडेही होती, लाल लेबलाची, कोरी करकरीत. त्यांची ओरखड्यांनी भरलेली, पण लेबल जांभळं! जांभळं मी त्याआधी कुठेच पाहिलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो तेव्हा माझी लाल सोबत नेली आणि सासऱ्यांपुढे अदलाबदलीचा विषय काढला.

"गानं तेच हाय ना?" त्यांनी विचारलं.

"तेच. उलट साफ वाजेल."

"मंग न्या की जवाईबापू. तुमाले नाई कसं म्हनू?"

बायकोने मला कोपराने ढोसलं. मी ते कौतुक समजलो आणि जांभळी पिशवीत घातली.

वारलेल्या सासूबाईंच्या नावाची घागर भरून झाली आणि त्यांचं आवडतं ते भजन माझ्या लाल तबकडीवर लागलं. सगळं घर मागोमाग म्हणू लागलं. 'देवा' हा शब्द आला. तबकडी सरळ पुढच्या ओळीवर गेली, आणि घर मात्र "देवा, देवा, देवा" करत तिथेच! मग एकेक जण गप्प झाला. सासरे नुसते ग्रामोफोनकडे पाहत राहिले.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"आमच्या तबकडीवर पिन तिथं अटकते," बायको म्हणाली. "माय चुलीपासून उठून ये अन् बोटानं समोर सरकवे. तवरोक आमी देवा-देवा करत राहो. बाबा अजूनई तिथं सैपाकघराच्या दाराकडे पाह्यतात."

मला फार वाईट वाटलं. पिशवीतून जांभळी काढून मी सासऱ्यांपुढे धरली. पण जावयाला दिलेली वस्तू परत घेणं त्यांच्याने होईना.

"तुमाले यातलं आवडलं काय व्हतं?"

"काही नाही, हे लेबल," मी बोलून गेलो.

"येवढंच?" त्यांचा चेहरा उजळला. "आंदीच सांगाचं ना."

मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी ओलं फडकं आणि चाकू घेऊन ते जांभळं लेबल खरवडून काढलं, ताटलीत ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि मानाने माझ्यापुढे केलं. तीन तुकडे निघाले होते.

मी वाकून नमस्कार केला. गाणं त्यांच्याकडे राहिलं, कागद माझ्याकडे आला. ज्याला जेवढं कळत होतं, तेवढं त्याला मिळालं!