तालावर ओढलेलं कापड

दुकानातल्या रेडिओचं स्टेशन बदलायची चकती फिरतच नसे. फोम चिकटवायच्या सोल्यूशननं थोरल्या भावानं ती पक्की करून टाकली होती. "आता बघू, कुणाच्या बापाची टाप आहे," असं तो म्हणाला होता. दोघांचा बाप एकच असल्यामुळे धाकट्यानं वाद घातला नव्हता.

जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड लावून देण्याचं ते दुकान. एकानं एका टोकाला कापड ओढून धरायचं, दुसऱ्यानं समोरून तेवढंच ओढायचं आणि दोघांनी एकदमच खिळा मारायचा. दोघांच्याही ओठांत बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलायची सोय नाही. मग दोघे रेडिओवरच्या ड्रमच्या ठोक्याला ओढत. सकाळी दुकान उघडल्यापासून त्या स्टेशनवर रॉक चाले, आणि रॉकचा ठोका कधी चुकत नाही, असं थोरल्याचं ठाम मत होतं.

थोरला अचानक गेला. वहिनीचा भाऊ म्हणाला, "आमच्याकडे ये, पोरांनाही आत्याची सोबत होईल." सोबत म्हणजे काय ते वहिनीला नीट कळत होतं. तिनं दिराला विचारलं, "समोरचं टोक मी धरू का, भावोजी?" वर्षानुवर्षं ती मागच्या खोलीत शिलाई मारायचीच, आता पुढे आली. धाकटा फारसा बोलका नव्हता आणि वहिनीशी तर मुळीच नाही. पण ठोका होता, त्यामुळे अडलं नाही. दोन वर्षं छान निघाली.

मग एका सोमवारी रेडिओ लावला तर एक बाई उशांच्या अभ्र्यांवरचे तेलाचे डाग कसे काढावेत ते सांगत होती.

"वहिनी, रेडिओला हात लावलात का?"

तोंडात खिळे होते. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"मग हे कसं झालं? तुम्हाला पहिल्यापासून तो आवाज नको असायचा."

हे खरं होतं. नवी नवरी असताना तिनं कानात कापूस घालून शिलाई मारली होती. पण चकती फिरवली असा आळ आला, तेव्हा तिनं पुढचा खिळा जरा जास्तच जोरात ठोकला. धाकट्यानं स्क्रू काढून रेडिओ पालथा घातला. आत सगळं जिथल्या तिथं होतं.

दुपारी टॅक्सीवाला आला. हा रोज चहाच्या नावाखाली अर्धा तास बसे, कारण त्यालाही तेच स्टेशन आवडे, गाडीतही तेच लावलेलं असे. "उघडून काय बघताय? स्टेशनच बदललंय. मालक बदलले. आता दिवसभर सल्ले आणि गप्पा."

धाकट्यानं वहिनीकडे न बघता स्क्रू परत बसवले. माफी वगैरे काही नाही. संध्याकाळी दुकान त्यानं स्वतः झाडलं, एवढंच.

"तू काय ऐकतोस आता?" दुसऱ्या दिवशी त्यानं टॅक्सीवाल्याला विचारलं.

"मोबाइलवर. इयरफोन कानात घालायचे आणि चालू. मधे कुणी बडबडत नाही. पलीकडचा सायकलवाला तर बातम्यांवर गेला, आणि तो छापखान्यातला म्हणे आता काहीच लावत नाही. म्हणतो, सवय झाली."

पुढच्या आठवड्यात टॅक्सीवाल्याचं चहाला येणंही कमी झालं. गाणी कानातच होती, मग कशाला येतो? आणि धाकट्यानंही कानात घातलं. समोरच्या टोकाला तो मान डोलवत होता आणि वहिनीला नुसती त्याची मान दिसत होती. मानेवरून ठोका कुठं कळतो? तो आधी ओढी, ती मागून.

साध्या कापडावर हे खपून गेलं. पण दाताच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा उभ्या पट्ट्यांचा होता. पोचवला त्याच दिवशी परत आला. पट्टे मधेच असे वळले होते, की बघणाऱ्याचीच मान तिरकी व्हावी.

धाकट्याची बायको, म्हणजे वहिनीच्या जाऊबाई, जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दात दुखत असलेल्या माणसाला हे दाखवू नका, चक्कर येऊन पडेल."

धाकटा हसला नाही. एका कानातला इयरफोन काढून म्हणाला, "वहिनी, एखादा माणूस ठेवावा म्हणतो. टॅक्सीवाल्याचा मेव्हणा रिकामाच आहे. तुम्हाला कशाला हा त्रास?"

वहिनीला भावाचं घर दिसलं. स्वयंपाकघराला लागून असलेली खाट, आणि 'आत्या, जरा बघ गं'. तिनं तोंडातले खिळे एकेक काढून खिळ्यांच्या डबीच्या झाकणात ठेवले.

"कानातलं काढा," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही काढा. आणि ते टोक धरा."

तिनं हातोडीनं सोफ्याच्या लाकडावर ठोका धरला. दोन हळू, एक जोरात. मग हात कापडाला लागणार म्हणून तेच तोंडानं सुरू केलं. "ढम्, ढम्, ढॅक्. ढम्, ढम्, ढॅक्. ढॅकला ओढायचं."

पन्नाशीला आलेल्या बाईच्या तोंडून ढॅक् ऐकून जाऊबाईंनी पदर तोंडाशी नेला. धाकटा मात्र कापड धरून तसाच उभा राहिला.

"हे दादाचं गाणं," तो म्हणाला. "पण तुम्हाला तर आवडायचं नाही."

"आवडायचं कुठं? डोकं उठायचं. पण वीस वर्षं रोज डोकं उठल्यावर पाठ नाही होणार? पुढे तो ड्रमवाला मधे थांबतो, तिथं खिळा. आता ओढता, की मेव्हण्याला बोलावता?"

त्यानं ओढलं. पहिल्यांदा उशिरा ओढलं.

"झोपलात का, भावोजी? ढॅकला म्हटलं ना."

दुसऱ्यांदा बरोबर ओढलं. तिसऱ्यांदा त्याच्याही तोंडून हळूच ढॅक् निघालं, तशी जाऊबाईंनी डबा उचलून "तुमचं चालू द्या" म्हणत काढता पाय घेतला. बंद रेडिओवर त्यांनी जाता जाता उरलेल्या पट्ट्यांच्या कापडाचा तुकडा टाकला, धूळ बसू नये म्हणून.

दुपारी टॅक्सी दाराशी थांबली. मेव्हण्याचं काय ठरलं ते विचारायला तो आला होता. आतला आवाज ऐकून उंबऱ्यावरच थबकला, कानातलं काढून खिशात टाकलं आणि नेहमीच्या स्टुलावर बसला.

"चहा आहे का?" त्यानं विचारलं.

"थांब," धाकटा म्हणाला. "हा पट्टा होऊ दे. वहिनी, म्हणा."