नऊ फुटांवरचा धूर

आमच्या नगरच्या गल्लीत महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, कधी तेही नाही. मधल्या दिवसांत आम्ही शेजाऱ्यांच्या बोअरचं पाणी भरायचो. अकरा वर्षं. त्यांनी एकदाही ‘आज नको’ म्हटलं नाही.

दिवाळीनंतर त्या पाण्याला वास येऊ लागला आणि शेजारच्या वहिनींना कावीळ झाली. आमच्याकडे फिल्टर होता, त्यांच्याकडे नव्हता. मी टेप लावून मोजलं. त्यांच्या संडासाच्या चेंबरपासून बोअर सतरा फूट. तसा अर्ज महापालिकेत दिला : शेजाऱ्यांची ड्रेनेज लाइन फुटली असावी, तपासावी.

एका सकाळी माणसं आली. गल्लीतल्या लाइनची दोन्ही तोंडं वाळूच्या पोत्यांनी बंद करून त्यांनी पंख्याने आत पांढरा धूर सोडला.

“पाइप जिथं फुटला असंल तिथनं धूर वर येतोय बघा, साहेब,” मुकादम म्हणाला.

घरोघरच्या गच्चीवरल्या, हवा जायला ठेवलेल्या पाइपांतून धूर निघाला. तो निघायलाच हवा. मी शेजाऱ्यांच्या अंगणावर नजर ठेवून होतो. त्यांच्या चेंबरपाशी काहीच नाही.

“अवो, तिकडं काय बघताय? हिकडं या,” मुकादमाने हाक मारली.

धूर माझ्या जास्वंदीच्या बुडातून येत होता. थोड्या वेळाने कुंपणापलीकडे बोअरच्या पाइपाभोवतीही दिसला.

जास्वंदीखाली आमचा जुना शोषखड्डा, पूर्वी संडासाचं पाणी त्यातच जिरायचं. ड्रेनेजची जोडणी घेतली तेव्हा गवंडी म्हणाला होता, खड्ड्याकडचा पाइप बुजवून टाकू. मीच नको म्हणालो. लाइन तुंबली तर संडास अडायला नको. ते मी विसरलो नव्हतो. मोजलं मात्र नव्हतं.

शेजारी कुंपणाशी आले. “भाऊ, टेप आणा की. आज बी मोजू.”

आणला. दुसरं टोक त्यांनीच बोअरपाशी धरलं. नऊ फूट.

आतून, खाटेवरून वहिनींनी विचारलं, “अवो, सापडलं का? कुणाचं निघालं?”

शेजाऱ्यांनी टेपाचं टोक सोडलं.

“आमचं, वहिनी,” मी म्हणालो.

आतून खाट करकरली. मग, “भावजी, आन् आता तुमी पानी कुठनं भरनार?”

टोमणा होता की काळजी, मला कळलं नाही. मी टेप गुंडाळत राहिलो.

दुपारी गवंडी बोलावून पाइप बुजवला. संध्याकाळी दुसरा अर्ज लिहिला : पहिला अर्ज चुकीचा, खड्डा आमचा, अंतर नऊ फूट. खाली सही केली.

वहिनींची कावीळ त्या आठवड्यातही उतरली नाही.