डाव्या हाताचं रीळ

बाबांना लकवा मारला तो डाव्या अंगाला. जीभ मात्र ठणठणीत राहिली, आमचं नशीब! जन्मभर पूर्णा नदीच्या डोहातून दोरी-गळानं मरळ मासे ओढलेला माणूस आता पलंगावर बसून माझ्या भाजीला नावं ठेवायचा. मधेच म्हणायचा, "एक डाव मरळ ओढू द्या मला, मग खुशाल उचला."

माझा भाऊ म्हणजे बाबांचा उजवा हात, असं सगळी गल्ली म्हणायची. तो उजवा हात सध्या पुण्याला असतो आणि फोनवर "काळजी घ्या" म्हणतो. म्हणून रीळ आणायला मीच परभणीला निघाले. शेजारीण म्हणाली, "या वयात बाबांचं रील काढायलीस? नाचणार का ते?" तिला म्हणलं, बाई, मोबाइलवरचं नाही, मासे धरायचं रीळ.

दोरी ओढायला दोन हात लागतात. पण बसकं रीळ काठीच्या वर बसतं, मुठीत मावतं, आणि अंगठ्यानं खटका दाबला की एका हातानं गळ फेकता येतो. एवढं मला व्हिडिओ बघून कळलं होतं. बाकी अक्कल शून्य. दुकानदारानं लालचुटुक, चकचकीत रीळ पुढं केलं. "एकदम मजबूत, मॅडम!" मी भुलले.

बाबांनी ते हातात घेतलं, नाक मुरडलं आणि शेजारणीचा बोकड मागवला. दोरीचं टोक मी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधलं आणि त्याला लांबून पाला दाखवला. बोकड असा सुटला की रिळाच्या आत करकर वाजलं आणि दोरी गुंडाळायची दांडी नुसतीच गरगर फिरायला लागली. आतल्या चाकांचे सगळे दाते प्लास्टिकचे! बाबा खदाखदा हसले. "बोकडानं ही गत केली. मरळीनं तर तुला बी नेलं असतं."

मी तणतणत परत दुकानात. या वेळी झाकण उघडून दाखवल्याशिवाय हलले नाही. आत पितळी दाते, बाहेर जड धातूचा काळा सांगाडा, दिसायला अगदी भिकार. तेच घेतलं. दुकानदारानं विचारलं, "दांडी कुठल्या बाजूची?"

"डाव्या."

"पण त्यांचा डावा हात गेला म्हणता ना? मग फिरवणार कोण?"

"त्यांच्या डाव्या बाजूला मी बसणार. दुकान तुमचं हाय, बाप माझा हाय. द्या मुकाट."

घरी बोकडाची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी बोकड थकला, रीळ नाही.

रविवारी डोहाकाठी चिखलात खुर्ची टाकली. बाबांनी गळाला लावलेला रबरी बेडूक फेकला, फिरत्या रिळावर अंगठा वेळेवर टेकवला नाही आणि दोरीचा असा गुंता झाला की सोडवता सोडवता माझी नखं गेली. चूक त्यांची, शिव्या मला. दुपारपर्यंत हेच. मी पार वैतागले होते. घरी चला म्हणणार, एवढ्यात पाणी फुटलं आणि काठी वाकली.

"फिरव! अगं फिरव! थांब, जाऊ दे तिला! आता फिरव! झोपलीस का काय?"

काठी त्यांच्या एका मुठीत थरथरत होती, दांडी माझ्या हातात होती, आणि मला त्यांच्या छातीची धडधड खांद्याला लागत होती. भीती वाटत होती मला, मरळ सुटेल म्हणून नाही, सुटली तर बाबा पुन्हा पलंगाला चिकटतील म्हणून. रीळ कुठंच करकरलं नाही. हातभर लांब काळी मरळ चिखलात येऊन आपटली. बाबा रडत होते आणि तिला शिव्या देत होते.

मी भावाला फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"बाबा, खरंच? एका हातानं ओढली?"

"एका कशाला?" बाबा खेकसले. "डावा हाय की माझा. बडबड लय करतो, पण चालतो."