खाली मान घालून पाहिलेली वसई

वसईला जायचं मी ठरवलं ते किल्ल्यासाठी नाही, हे आता सांगून टाकते. कमलताईंना त्या दिवशी दुपारपर्यंत वाटत होतं की शालिनीला एकाएकी इतिहासाची ओढ लागली. ताई, माफ करा.

झालं असं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या दादरच्या घरी मला दाखवण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा डॉक्टर आहे आणि वसईला असतो, एवढंच मला सांगितलं होतं. आई ‘डॉक्टर’ हा शब्द जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा म्हणायची आणि त्याच्या आधीचा ‘गुरांचा’ गिळून टाकायची. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या मावशीने मला वाचायला लावलं, मग चालायला लावलं. आणि मी, वर्गातल्या चाळीस मुलींना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी बाई, तासभर खाली मान घालून बसले. त्यामुळे मला दिसलं काय, तर आमची फरशी आणि तिच्यावर टेकलेले त्याचे मोजे. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, माणसं चांगली आहेत, पत्रिका एकदा गुरुजींना दाखवतो आणि पुढच्या सोमवारी होकाराचं पत्र टाकतो. मला विचारलं नाही असं नाही. “तुझं काही नाही ना?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अंघोळीला गेले.

एका मोज्यावरून जन्माचा होकार कसा द्यायचा? आठवडाभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

त्याच आठवड्यात कमलताईंनी शाळेच्या गच्चीवर आम्हाला कॅमेरा शिकवायला घेतला. त्या आमच्याकडे विज्ञान शिकवतात. त्यांचा कॅमेरा म्हणजे खरंच एक काळा डबा. तो पोटाशी धरायचा, वर एक इवलीशी काच असते तिच्यात खाली मान घालून बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. शिष्या आम्ही दोघी, मी आणि फिलोमिना. ती मराठी शिकवते, मूळची वसईजवळच्या पापडीची, शनिवारी घरी जाते आणि सोमवारी येते. माझी पाळी आली तेव्हा काचेत शाळेचे कारकून दिसले. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ते कान कोरत बसले होते. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता, कारण माझी मान खाली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अब्रूदार मुलीने खाली मान घालून परक्या माणसाला हवं तितका वेळ बघायची सोय कुणीतरी करून ठेवली होती आणि मला ती आत्ता कळत होती. “रविवारी वसईला जाऊ या का?” मी लगेच म्हणाले. “किल्ला काय सुंदर आहे म्हणतात.”

सोमवारच्या पत्राआधी त्याला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच माझं काम होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

जाणार असाल तर दादरहून पहाटेची विरार गाडी धरा आणि डाव्या बाजूला बसा. भाईंदरची खाडी आणि मिठागरं त्या बाजूने चांगली दिसतात. असं ऐकलंय. मी एकही बघितलं नाही, मी दर स्टेशनला उठून दाराशी जात होते. वसई रोडला उतरलं की टांगे असतात. पापडीचे आठ आणे सांगतील, चालायला लागलात की सहा म्हणतील. थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि मध्येच पानमळे, आणि त्यात इतका गारवा की कमलताईंनी शाल काढली.

फिलू चर्चमधल्या पहिल्या मिस्साला जाऊन येऊन ओट्यावर वाट बघत होती. तिच्या आईने पाव, चहा आणि सुकेळी पुढे केली. सुकेळी म्हणजे सोललेली केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली, मधासारखी गोड. वसईला गेलात आणि ती आणली नाहीत तर गेलात कशाला? फिलूची आई फार बोलकी. मागच्या वाडीतल्या दिराबद्दल, त्याच्या बैलाबद्दल, आज त्याच्याकडे कोण येणार आहे त्याबद्दल ती काय काय सांगत होती. मी अर्ध्या कानाने ऐकत होते आणि पूर्ण डोळ्यांनी टांग्याकडे बघत होते. तिने दुसरा चहा ओतायला घेतला तर मी कपावर हात ठेवला. म्हटलं, उशीर होतोय, ऊन चढेल.

तो दुसरा चहा मी घ्यायला हवा होता.

वसई गावात गुरांच्या दवाखान्यापाशी मी टांगा थांबवला. जनावरांचे फोटो फार छान येतात म्हणे, असं काहीतरी पुटपुटले. दाराला कुलूप. पायरीवर एक म्हातारा शिपाई विडी ओढत बसला होता. त्याने सांगितलं, डॉक्टरसाहेब सकाळीच पापडीला गेलेत, सायमन काकांच्या वाडीत, बैलाचा खांदा सुजलाय. फिलू म्हणाली, “अगं, ते आमचेच काका. घरामागची वाडी. आई मघाशी तेच सांगत नव्हती का?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हणाले, परत जाऊ. कमलताई म्हणाल्या, अजिबात नाही, तिरपं ऊन दहापर्यंतच मिळतं, बैल काही कुठे पळून जात नाही. आता त्यांना कसं सांगणार की मला बैलाची काळजी नव्हती?

तर किल्ला. तट मोठे आहेत, वर झाडं उगवली आहेत, ताड पुष्कळ. पाणी बरोबर न्या, आत मिळत नाही. पायात नीट चपला घाला, गवतात काटे आहेत. छपरं पडलेल्या चर्चमध्ये कमानीतून ऊन खाली येतं, ते खरोखर बघण्यासारखं आहे आणि मी ते दुसऱ्यांदा जाऊन बघणार आहे, कारण या खेपेला माझा जीव टांगणीला लागला होता. एका रोलात फोटो आठच. ताईंचे तीन, फिलूचे दोन, माझे तीन अशी वाटणी होती. ताई एकेका फोटोला दहा दहा मिनिटं घेत होत्या. ढग सरकेपर्यंत थांबायचं, सावली कमानीला लागेपर्यंत थांबायचं. इकडे सायमन काकांच्या बैलाला औषध लावून होत असेल, माणूस हात धूत असेल, चालला असेल. माझ्या पहिल्या फोटोला मी खटका दाबतानाच पुढे पाऊल टाकलं. “शालिनी, वाया,” ताई न बघताच म्हणाल्या. त्यांना आवाजावरून कळतं.

मग फिलूला होड्या हव्या होत्या म्हणून पाचूबंदर. बांबूंवर बोंबील वाळत होते, बायका जाळी सांधत बसल्या होत्या. फिलूने तिचे दोन्ही फोटो तिथे काढले, निवांतपणे, दोन्ही वेळा होडी हलायची थांबेपर्यंत थांबून. मी वाळूत येरझाऱ्या घालत होते. एका कोळणीने मान वर केली आणि विचारलं, “बाय, तुला इंचू चावला का?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रडायलाच आलं होतं. उद्या पत्र जाणार, आणि मी इथे बोंबील बघते आहे.

पापडीला परतलो तेव्हा बारा वाजत आले होते. मी घरात न जाता सरळ मागे वळले. केळींमधून पाण्याचा पाट जातो, त्याच्या कडेने चाललं की विहीर आणि रहाट. रविवार म्हणून रहाट बंद होता. जांभळीखाली बैल उभा होता. आणि त्याच्याजवळ विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला, उघड्या पायांचा एक माणूस. मोजे नव्हते, पण अंगठा मी ओळखला.

या कॅमेऱ्याने दहा फुटांच्या आत काही काढलंत तर धूसर येतं. म्हणून मी दहा फूट मोजून उभी राहिले, डबा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. काचेत तो फुटाण्याएवढा दिसत होता, त्यातून उलटा, डावं उजवीकडे. नाकडोळे काही कळेनात. आठवडाभर ज्यासाठी तळमळले ते तोंड काही नीट दिसेना. पण तो काय करतो ते दिसत होतं आणि काय बोलतो ते ऐकू येत होतं.

बैलाच्या खांद्यावर जू घासून मोठं गळू झालं होतं. सकाळपासून ते शेकत ठेवलं होतं, आता कापायचं होतं. सायमन काकांनी वेसण घट्ट धरली होती आणि उरका म्हणत होते. डॉक्टरने वेसण सैल सोडायला सांगितली. मग बैलाच्या वशिंडावर हात ठेवून तो हलकेच म्हणाला, “आता दुखणार आहे हं. तू तयार झालास की करू.” आणि थांबला. खरंच थांबला. बैलाने कान झटकले, पाय बदलला, मोठा फुसकारा सोडला आणि हळूहळू अंग सैल सोडलं. तेव्हा कुठे त्याने सुरी लावली.

मला रडू आलं. खरं सांगायचं तर आधी राग आला. बैलाला विचारतात. मला विचारून बाबा अंघोळीला गेले होते.

पुढे काकांशी वादही झाला. पंधरा दिवस जुंपायचा नाही म्हटल्यावर काका भडकले. “आन् केळीला पानी कोन देनार?” त्यांचंही खोटं नव्हतं, केळी काही पंधरा दिवस थांबत नाही. डॉक्टरने आवाज चढवला नाही आणि एक दिवसही कमी केला नाही. शेजारच्या वाडीतला बैल दिवसाआड मागा, तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी मागतो, म्हणाला. काका कुरकुरत विहिरीकडे गेले. तेवढ्यात मी खटका दाबला. बैलाने नेमकी त्याच वेळी मान हलवली. माझा दुसरा गेला.

मागून कमलताई आल्या. आम्ही दादरच्या शाळेतल्या शिक्षिका, फोटो शिकतो आहोत, ही शालिनी कर्णिक, अशी त्यांनी ओळख करून दिली. तो लोट्याने हातावर पाणी घेत होता. ते थांबलं. कानापर्यंत लाल झाला. म्हणजे तोपर्यंत त्याने मला ओळखलंच नव्हतं. तासभर समोर बसवलेली मुलगी, चालून दाखवलेली, आणि ओळख नाही? मला चांगलंच झोंबलं. फिलूला काय उमगलं कोण जाणे, ती ताईंना हाताला धरून रहाट दाखवायला घेऊन गेली.

“तुम्ही मला बघायला आलात?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. खोटं सुचलंच नाही.

“बरं केलंत. मी त्या दिवशी तुमची फरशी बघून आलो.” मग म्हणाला, “उद्या तुमच्या वडिलांचं पत्र निघणार म्हणतात. आमच्या घरी तो तुमचा होकार धरतील. तुम्ही दिलाय का तो?”

“अजून नाही.”

“मग पत्र तुम्ही लिहा. नकार असला तरी तुमच्या अक्षरात येऊ दे.”

मी रोल पुढे फिरवला. मागच्या लाल खिडकीत आठचा आकडा आला. शेवटचा, माझ्या वाटणीचा. त्याला म्हटलं, तिथेच उभे राहा. तर तो म्हणाला, तुम्ही मघापासून बघताय, आता मी बघू का? मी डबा त्याच्या हातात दिला. पोटाशी धरा, श्वास रोखा, दहा फूट मागे जा. तो मागे गेला आणि त्याने मान खाली घातली.

ताई आणि फिलू परत आल्या तरी तो तसाच. “अहो, दाबा की,” ताई म्हणाल्या.

“थांबा,” तो म्हणाला, “अजून बघतोय.”

सबंध आठवड्यात मी पहिल्यांदा एका जागी उभी राहिले. पदर वाऱ्याने उडत होता, तो सावरायलाही हात हलवला नाही.

परतीच्या गाडीत भाईंदर आलं. ताई सुकेळीचं पान सोडत म्हणाल्या, “इतिहास वाचून झाला ना तुमचा?” मी खिडकीबाहेर मिठागरं बघितली. खरंच चांगली दिसतात.

सोमवारी सकाळी बाबा दौत घेऊन बसले तेव्हा मी म्हटलं, पत्र मी लिहिते. बाबा म्हणाले, अशी रीत नाही. आई हातातली भाजी तशीच घेऊन दारात आली. “बाबा, तुम्ही विचारलंत आणि अंघोळीला गेलात,” मी म्हणाले. “मी काल उत्तर शोधून आले.” बाबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी लिहिलं की माझा होकार आहे, तो माझा मी देते आहे, आणि बैलाचा खांदा कसा आहे ते कळवावे.

चौथ्या दिवशी कार्ड आलं. बैल बरा होता. सायमन काकांनी शेजारचा बैल स्वतःच जाऊन मागितला होता.

फोटो धुऊन यायला आणखी आठवडा गेला. ताईंच्या कमानी सुरेख आल्या, फिलूच्या होड्याही. माझी किल्ल्याची भिंत म्हणजे नुसता धुरळा. बैलाच्या फोटोत बैलाचं तोंड पुसलेलं आणि डॉक्टरचं डोकं वर कापलं गेलेलं, पण बैलावर ठेवलेला हात इतका स्पष्ट की नखं मोजावीत. किल्ल्यातलं माझ्याजवळ काही उरलं नाही. हा हात उरला.

आठवा फोटो आईने उजेडात नेऊन पुष्कळ वेळ बघितला. त्यात मी पदर उडालेली, समोर सरळ बघत उभी आहे, जराही न हलता.

“अगं, परक्या माणसासमोर अशी मान वर करून उभी होतीस?” ती म्हणाली. “खाली नाही का घालायची?”

“त्यांनी घातली होती,” मी म्हणाले.