उतरत्या उन्हाचा थर

लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला निवृत्ती मानवत नाही, असे त्याच्या बायकोचे मत होते. जेवतानाही तो एका पायावर असे. म्हणून त्याने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडी बांधायला घेतली, तेव्हा तिला हायसेच वाटले. काम नाजूक होते. फोमचा हलका तक्ता नुसता अंगठ्याने दबतो. पण आतून-बाहेरून रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेले काचतंतूंचे कापड चिकटवले की तोच माणसांचा भार पेलतो.

यातला एकच नियम त्याला जाचत होता: कापड चढवायचे ते ऊन उतरू लागल्यावर. सकाळी चढवले, तर शेड तापेल तशी फोममधली हवा फुगते आणि ओले कापड उचलून धरते. त्याला दम निघाला नाही. ही होडी तरंगायची नाही म्हणून चिडवणारा मेहुणा रविवारी सहकुटुंब येणार होता, होडी त्याच दिवशी पाण्यात जायची होती. बाहेरचा थर त्याने सकाळी नऊलाच दिला.

शुक्रवारी तो उपड्या होडीवर नाणे ठोकत फिरला. टक, टक, टक. बुडाच्या डावीकडे ताटाएवढ्या जागेत आवाज बसका झाला. त्याने रंगाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"अहो, डबा काही पळून जात नाही," बायको दारातून म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही. रंग देतोय."

"मग ब्रश कुठाय?"

त्याने जागा दाखवली. "थोडं सुटलंय. रंगाखाली कळायचंही नाही."

"लिफ्टबद्दल असं कधी म्हणाला असतात?"

"लिफ्टमध्ये माणसं असायची."

"यात माझ्या भावाची पोरं असणार आहेत. त्याच्यावरचा राग पोरांवर काढू नका."

त्याने कटर घेतला. कापड खपलीसारखे निघाले. खालचा फोम कोरडा ठणठणीत. शेजारची कडही बोटाने उचलली गेली. ताटाची परात झाली.

बायकोने भावाला फोन लावला. "रविवारी या, पण नुसतं जेवायला. होडीला अजून वेळ आहे. नाही रे, बुडाली कुठली, पाणीच पाहिलं नाही तिने."

बारापर्यंत कडा घासून झाल्या, नवे कापड मापाने कापून झाले. ऊन मात्र चढतच होते. ती खुर्ची ठेवून गेली. तो बसला, उठला, खुर्ची सावलीत सरकवून पुन्हा बसला. पत्र्याला हात लावून पाहायला चारदा गेला. चौथ्यांदाही चटका बसला, आणि रेझिन त्याने कालवले नाही.